बॉडी उतरवली, आता ठेवायची कशावर?

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या दुरुस्तीवर आलेल्या पत्रांमध्ये या वेळी बॉडी डॉलीचे, म्हणजे उतरवलेल्या बॉडीखालच्या चाकांच्या ट्रॉलीचे प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एकक न दिलेली सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न : ट्रायम्फ टीआर६ची बॉडी चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरवायची आहे. चासीचं काम सहा-आठ महिने चालेल. तोवर बॉडी ठेवायला ट्रॉली स्वतःच वेल्ड करायची म्हणतो. पाइप कोणता घ्यावा, किती लागेल आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात पाइपपासून नको, दारांपासून करा. बॉडी अजून चासीवर आवळलेली आहे तोवरच दोन्ही दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. पुढची आणि मागची, प्रत्येकी वर व खाली, म्हणजे एका दाराचे चार आकडे. बिजागरीची पिन झिजलेली असेल तर दार लोंबतं आणि हे आकडे खोटे ठरतात. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर आधी पिन बदला, मग मोजा.

टीआरच्या बॉडी आणि चासीच्या मध्ये बोल्टांपाशी पॅड आणि चकत्या असतात. दाराची फट बसवलेली असते ती याच चकत्या कमी-जास्त करून. कुठल्या बोल्टखालून किती जाडीच्या चकत्या निघाल्या हे लिहिल्याशिवाय एकही हलवू नका. शिवाय गाडीखाली एक आडवं सूत ताणा आणि बॉडी जिथे जिथे टेकते त्या प्रत्येक जागेची उंची त्या सुतापासून मोजा, चकत्यांसकट. या उंच्या एका पातळीत नसतात. ट्रॉलीच्या खांबांना पुढे त्याच उंच्या द्यायच्या आहेत. चासीने बॉडी जिथे आणि जशी धरली होती, तिथेच आणि तशीच ट्रॉलीने धरायची. एवढं जमलं नाही तर कितीही जाड पाइप लावा, ती ट्रॉली फक्त सामान हलवायची गाडी ठरते.

मग दारांच्या पोकळीत टेके. उघड्या गाडीला छत नाही, त्यामुळे चासी निघाली की पुढचा आणि मागचा भाग फक्त सिलच्या, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पेटीच्या, जोरावर एकमेकांना धरून असतात. सिल गंजलेली असेल तर तोही जोर नाही. २५ × २५ × २चा चौकोनी पाइप पुरतो. प्रत्येक बाजूला एक आडवा टेका दाराच्या पुढच्या खांबाच्या वरच्या टोकापासून मागच्या खांबापर्यंत, आणि एक तिरपा. शिवाय एक टेका डाव्या मागच्या खांबापासून उजव्या मागच्या खांबापर्यंत. टेके बिजागरीच्या भोकांना बांधायचा मोह होतो, कारण भोकं आयती मिळतात. पण मग दार लावून पाहता येत नाही, आणि टेका काढला की तो ज्यासाठी लावला तेच निसटतं. खांबांच्या आतल्या बाजूला ३ जाडीच्या पट्टीचे तुकडे वेल्ड करा आणि टेके त्यांना बोल्टने बांधा. काम झाल्यावर तुकडे ग्राइंडरने उतरवता येतात.

आता सांगाडा. बहुतेक जण सवयीने ५० × ५० × ३चा पाइप घेतात. त्याऐवजी लांबीच्या दांड्यांना ८० × ४० × ३ घ्या आणि ८०ची बाजू उभी ठेवा. मीटरमागे पहिल्याचं वजन सव्वाचार किलो, दुसऱ्याचं पाच किलोंच्या थोडं वर. वजन सव्वापटही वाढत नाही, पण वाकायला होणारा विरोध अडीचपटीहून जास्त. दोन मीटरच्या अंतरावर दीडशे किलो पसरून ठेवले तर ५०चा पाइप मध्ये जवळजवळ ४ मिमी खचतो, ८०चा दीड. दाराच्या फटीत ४ मिमी म्हणजे फारच झाले.

नमुन्यासाठी २४०० लांब आणि ९०० रुंद सांगाडा धरू. टीआर६चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२३५ आहे, त्याला ही लांबी जमते. रुंदी मात्र तुमच्या बोल्टांच्या अंतरावरून ठरवा. लागेल ते असं : ८० × ४० × ३चे २४००चे दोन आणि ८२०चे तीन तुकडे. खांबांसाठी ५० × ५० × ३चे ३५०चे सहा, आणि त्यांच्या आत सरकणारे ४० × ४० × ३चे तेवढेच सहा. चाकांसाठी १२० × १२० × ६च्या चार प्लेट, खांबांच्या डोक्यावर १०० × १०० × ६च्या सहा. चाकं सोडून सगळं मिळून साधारण ६० किलो.

५०च्या पाइपची आतली पोकळी ४४ भरते, म्हणून ४०चा पाइप आत सहज जातो, किंबहुना जरा सैलच बसतो. आरपार एम१२चा, म्हणजे १२ व्यासाचा, बोल्ट उंची धरतो, पण तेवढ्यावर खांब डुलतो. बाहेरच्या पाइपवर एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन बाजूंना एम१०चे नट वेल्ड करा आणि त्यातून बोल्ट आवळून आतला पाइप समोरच्या भिंतींवर दाबा. डुलणं थांबतं. आतला पाइप कमीत कमी १५० तरी आत राहिला पाहिजे. म्हणजे खांब २०० पर्यंत वर येतो, त्यापुढे नाही.

पाइप काळाच घ्या. जस्ताचा थर असलेला पाइप वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो, शिवाय टाका सच्छिद्र येतो. सगळे सांधे आधी नुसते टॅक मारा, म्हणजे ठिपक्यापुरते वेल्ड करा, आणि कर्ण मोजा. २४०० × ९००च्या चौकटीचा कर्ण बाहेरून बाहेर २५६३ यायला हवा. दोन्ही कर्णांत २ पेक्षा जास्त फरक असेल तर टॅक तोडा. पूर्ण वेल्डनंतर तो फरक जात नाही, वाढतो. मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून वेल्ड करा. एकाच बाजूने सरळ वेल्ड मारत गेलात तर टाका थंड होताना त्याच बाजूला ओढतो आणि चौकट पतंगासारखी वळते.

खांब वेल्ड करायची वेळ सगळ्यात शेवटी. मोजलेल्या जागी ते उभे करा, डोक्यावरच्या प्लेटला गोल भोकाऐवजी ३० लांबीची खाच पाडा, कारण जुन्या गाडीची डावी-उजवी भोकं तंतोतंत समोरासमोर क्वचितच सापडतात. डोक्यावर रबर घालू नका. रबर प्रत्येक खांबावर वेगवेगळं दबतं आणि मोजलेल्या उंचीला अर्थ उरत नाही. लोखंडावर लोखंड, मध्ये लागतील तेवढ्या चकत्या.

बॉडी उचलताना काचेच्या चौकटीला कोणीही हात लावू नये. ती हँडलसारखी दिसते, पण तिथून ओढलं की बुडाशी वाकते.

प्रश्न : तयार ट्रॉली घेतली. चाकं ७५ व्यासाची आहेत. जमिनीवरच्या वेल्डिंगच्या थेंबापाशीही ती अडतात, आणि चारपैकी एक चाक नेहमी हवेत असतं. चाकं बदलली की दोन्ही त्रास जातील का?

उत्तर : पहिला जाईल, दुसरा नाही.

चाक जेवढं लहान तेवढा त्याला खडा मोठा. १५० व्यासाची चाकं घ्या, फार तर १२५. भार काढताना भागाकार चारने करायची चूक होते. समजा बॉडी दारं-बॉनेटसकट ३०० किलो, ट्रॉली ६०, आणि कोणी आत वाकून काम करतोय त्याचे ९०. एकूण ४५०. चौथं चाक हवेत असतं हे तुम्हीच लिहिलं आहे, म्हणून तीनने भागा : दर चाकाला १५०. २०० किलोचं चाक घ्या. नायलॉनचं चाक सहज पळतं, पण खड्या-चुऱ्यावर खडखडतं आणि घसरतं, पॉलियुरेथेन बरं.

चारही चाकं फिरती असावीत, म्हणजे ट्रॉली आडवी सरकवून भिंतीला लावता येते. ब्रेक असा हवा की चाकही अडेल आणि त्याचं वळणंही. नुसतं चाक अडलं तर ट्रॉली जागच्या जागी गोल हलत राहते. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. फिरत्या चाकाचा टेकण्याचा बिंदू बोल्टाच्या मध्यापासून चारेक सेंटिमीटर बाजूला असतो. दोन्ही बाजूंची चाकं आत वळली तर ९०० रुंदीचा पाया आठशेच्या आसपास येतो. बॉडीवर एका बाजूने जोर लावायच्या आधी ट्रॉली थोडी ढकलून चाकं बाहेर वळवून घ्या.

आता हवेतलं चाक. एकतर जमीन वाकडी आहे किंवा ट्रॉली. ट्रॉलीचं पुढचं टोक मागे येईल अशी फिरवून त्याच जागी ठेवा. तेच चाक हवेत राहिलं तर दोष ट्रॉलीचा, आता त्या जागी आलेलं दुसरं चाक उचललं गेलं तर जमिनीचा. ट्रॉलीचा असेल तर चाकाच्या प्लेटखाली चकती घालून भागतं. जमिनीचा असेल तर चाकांकडून समतोलाची अपेक्षाच सोडा. चारही कोपऱ्यांना एम२०चे नट वेल्ड करा आणि त्यातून लांब बोल्ट जमिनीवर उतरवा, खाली ६०-७०ची चकती. ट्रॉली जागेवर आली की भार बोल्टांवर घ्या, चाकं जेमतेम टेकलेली राहू द्या. एम२०चे आटे अडीच मिमीचे असतात, म्हणजे एका फेऱ्याला अडीच मिमी उंची, पाव फेऱ्याला अर्ध्या मिमीहून थोडी जास्त. यापेक्षा बारीक जुळणी बॉडीला लागत नाही. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या ट्रॉलीची चाकं चपटी होतात, तेही यात टळतं.

सपाटी पारदर्शक नळीत पाणी भरून पाहा. नळीत बुडबुडा राहिला तर ती खोटं दाखवते. सहा चाकं लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे : मधली चाकं उंचवट्यावर आली की सगळा भार त्या दोनच चाकांवर जातो आणि बॉडीचं मधलं अंग वर ढकललं जातं. चारच चाकं असू द्या, जोर हवा असेल तर सांगाडा ताठ करा.

प्रश्न : बॉडी ट्रॉलीवर ठेवल्यापासून दाराची मागची फट वर ३ आणि खाली ८ झाली आहे. आधी दोन्हीकडे ५ होती. बिजागरी नवीन आहे. काय बिघडलं?

उत्तर : बॉडी मध्ये खचली आहे. टोकांना आधार आणि मध्ये काहीच नाही, अशा वेळी दाराच्या खांबांची वरची टोकं एकमेकांकडे झुकतात आणि फट वर आवळते. उलट असतं, म्हणजे वर जास्त आणि खाली कमी, तर आधार मध्ये आहे आणि टोकं लोंबताहेत असं समजावं.

तुमच्या बाबतीत ट्रॉलीच्या सिलजवळच्या मधल्या खांबांना वर घ्यायला हवं. एका वेळी अर्धा मिमी, दोन्ही बाजूंना सारखं, आणि दर वेळी फट मोजून. मधल्या खांबांच्या वरचे बोल्ट आधी सैल करा, नाहीतर ते बॉडीला अडवून धरतात. एकाच बाजूची फट बदलली असती तर खचणं नव्हे, पीळ असता. तो कोपऱ्यांच्या बोल्टांनी काढावा लागतो. फट जागेवर येईपर्यंत वेल्डिंग नको. या अवस्थेत सिल बदलली तर ती नव्या पत्र्यासकट वाकडीच पक्की होईल.

प्रश्न : एमजीबी रोडस्टर आहे. तिला वेगळी चासीच नाही. दोन्ही सिल कापायच्या आहेत. ट्रॉली बॉडीला कुठे धरेल?

उत्तर : जिथे चाकांचा भार गाडीत शिरतो तिथे. पुढे ज्या बोल्टांनी सस्पेन्शनचा आडवा बीम बॉडीच्या दांड्यांना लागतो ती भोकं. मागे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे कान, आणि जमल्यास मागच्या लोंबत्या कड्यांच्या जागा. या ठिकाणचा पत्रा मुळातच जाड आणि दुहेरी असतो आणि भोकं कारखान्यातल्या मापाची असतात. हाच नियम इतर एकसंध बॉडींना लागू होतो. जॅग्वार ई-टाइपला पुढचा नळ्यांचा सांगाडा बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पडद्याला, बोल्टने जोडलेला असतो, तो काढल्यावर ट्रॉलीने तीच भोकं पकडायची.

एमजीबीची सिल एका पत्र्याची नाही. बाहेरची सिल, तिच्या आत उभा पडदा, मग आतली सिल, आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची पट्टी. हे चारही मिळून उघड्या गाडीचा कणा होतो. म्हणून ट्रॉलीचा सांगाडा सिलखाली येता कामा नये. तिथे ग्राइंडर आणि वेल्डिंगची गन जायला जागा हवी. चौकट ७०० रुंद ठेवा आणि जिथे बाहेर पोचायचं तिथे आडवे हात काढा. जमिनीच्या पत्र्याखाली सीटपाशी एक आडवा बीम जातो, त्याला सिलच्या आतल्या बाजूने दोन्हीकडे बोल्टचा टेका द्या. नुसता टेकलेला. त्याने उचलायला गेलात तर वरच्या उत्तरातली दुसरी चूक होईल, म्हणजे टोकं लोंबतील.

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू कितीही सडकी असली तरी पहिली पूर्ण जोडून होईपर्यंत तिला हात लावू नका. दार लावलेलं असू द्या आणि प्रत्येक पत्रा टॅक मारल्यावर उघडून-बंद करून पाहा. टेके आतल्या बाजूला लावायला का सांगितलं ते इथे कळेल. बाहेरची सिल सगळ्यात शेवटी, आणि तीही पुढचं मडगार्ड लावून फट पाहिल्यावरच. इंजिन आणि गिअरबॉक्स परत बसले की फटी किंचित हलतील. त्याला बिजागरीपाशी थोडी जुळवणी राखून ठेवा.

वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा ट्रॉलीला लावू नका. मधल्या रंगातून, चकत्यांतून आणि सैल बोल्टांतून करंट नीट जात नाही, जिथे कमी टेकलं आहे तिथे ठिणगी पडते. जोडायच्या जागेपासून हातभर अंतरावर पत्रा घासून तिथेच चिमटा लावा.

प्रश्न : वेल्डिंग येत नाही. लाकडाची ट्रॉली चालेल का? गाडी लोटस एलान.

उत्तर : एलानला चालेल, एवढंच नव्हे तर शोभेल. बॉडी फायबर ग्लासची आणि हलकी. गाडीचा लोखंडी कणा मधून जातो, तो काढला की उरतं ते कवच. शिवाय ट्रॉलीवर वेल्डिंग व्हायचं नाही, त्यामुळे आगीची भीती नाही. १०० × ५०च्या सुक्या लाकडाची चौकट, १००ची बाजू उभी, कोपऱ्यांना एम१०चे आरपार बोल्ट आणि आतून १८च्या प्लायचे त्रिकोण. खिळ्यांवर किंवा नुसत्या स्क्रूवर भिस्त ठेवू नका, चाक अडखळलं की ते उपसतात.

खबरदारी वेगळी आहे. फायबर ग्लासला टोकदार आधार सोसत नाही. चार बिंदूंवर महिनोन्महिने ठेवलं तर ते हळूहळू तिथे बसतं आणि रंगाखाली चांदणीसारखे तडे उमटतात. १५० रुंदीच्या प्लायच्या पट्ट्या, वर जाड गालिचा, आणि आधार दोन्ही सिलच्या पूर्ण लांबीला. बॉडी उन्हात अशी वाकडी राहिली तर वाकडेपणा आणखी लवकर मुरतो.

प्रश्न : ट्रॉलीऐवजी सरळ फिरती घोडीच बनवावी का, म्हणजे बॉडी आडवी-उलटी करता येईल?

उत्तर : तळाचा रंग खरवडायला, सांध्यात सीलर भरायला आणि तळाला प्रायमर मारायला तिच्यासारखं साधन नाही. सिल किंवा जमिनीचा पत्रा बदलायला मात्र ती चुकीची जागा. तिथे बॉडी बंपरच्या ब्रॅकेटांपाशी दोन्ही टोकांना लटकते आणि सगळा भार मधल्या भागाला वाकवतो. आधी ट्रॉलीवर जोडकाम, बॉडी ताठ झाली की घोडीवर. आणि फिरण्याचा दांडा बॉडीच्या गुरुत्वमध्यातून जाईल इतकी उंची बदलता आली पाहिजे. मध्य दांड्याच्या वर राहिला तर खुंटी काढताच बॉडी गर्रकन फिरते. हात मध्ये असेल तर विचारू नका.

प्रश्न : बॉडी ट्रॉलीसकट सँडब्लास्टिंगला आणि मग रंगाच्या भट्टीत पाठवली तर चालेल?

उत्तर : ट्रॉलीसकटच पाठवा, चाकांसकट नको. ब्लास्टिंगची वाळू बेअरिंगमध्ये शिरली की चाक काही दिवसांत जॅम होतं. यासाठीच चाकं प्लेटला वेल्ड न करता चार-चार एम१०च्या बोल्टांनी लावायची. तिथे पोचल्यावर एम२०च्या बोल्टांवर उभी करून चाकं काढून घ्या, निघताना परत लावा. साठ-सत्तर अंशांच्या भट्टीत पॉलियुरेथेनची चाकं भार असताना दबतात, तिथेही हेच करा. पावडर कोटिंगच्या १८०-२०० अंशांत तर चाक काय, कुठलंही प्लास्टिक किंवा रबर आत जाऊ देऊ नका.

ब्लास्टिंगवाल्याला आधी सांगून ठेवा की दारांतले टेके काढायचे नाहीत. टेक्याच्या मागची जागा स्वच्छ होत नाही म्हणून तो सोडतो, आणि बॉडी परत येते ती वेगळ्याच मापाची. टेक्याखालचा पत्रा नंतर हाताने घासा. खांबांच्या पोकळीतही वाळू साचते. बॉडी भट्टीत जाण्याआधी आतले पाइप एक-एक करून सैल करा, ती ठोकून काढा, हवा मारा आणि उंची पुन्हा मोजून मगच आवळा. ओल्या रंगावर उडायला तीच वाळू टपलेली असते.